घरकुल मंजूर आहे, गुंठ्याचं काय?

घरकुलाच्या यादीत नाव लागलं म्हणजे घर झालंच, असं लांबून पाहणाऱ्याला वाटतं. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात, निरगुडसर-पारगाव-मंचरच्या पट्ट्यात, खरी धावपळ नाव लागल्यानंतर सुरू होते. ग्रामपंचायतीत भाऊसाहेब पहिला प्रश्न विचारतात, "जागा कुणाच्या नावावर आहे? उतारा आणलाय का?" ज्याची स्वतःची शेती आहे, तो सातबारा पुढे करतो. गावठाणात वडिलोपार्जित घर असलेला नमुना आठचा उतारा दाखवतो. ज्याच्या तीन पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबल्या, भावकीच्या वाटणीत ज्याच्या वाट्याला जेमतेम एक खोली आली किंवा जो ओढ्याच्या काठाला छप्पर घालून राहतो, त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. घराची सर्वांत जास्त गरज त्यालाच असते आणि मंजुरीचा कागद अडकतो तोही त्याचाच.

सरकार पैसे देत नाही, अशी तक्रार इथे करता येणार नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार त्यावर वेगळे. राज्य सरकारने २०२५ मध्ये आपल्या तिजोरीतून आणखी ५० हजारांची भर घातली आणि ५ ब्रास वाळू मोफत देण्याचं ठरवलं. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास अशा योजना आहेत. कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन आली आणि तिच्यात घरासाठी २ लाख रुपये ठरले. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात बालेवाडीला राज्यातल्या २० लाख कुटुंबांना मंजुरीपत्रं देण्याचा कार्यक्रम झाला आणि त्यातल्या १० लाख कुटुंबांना पहिला हप्ताही गेला. वाळू आहे, मजुरी आहे, हप्ता आहे. ही सगळी सामग्री उतरवायची कुठे, हा प्रश्न मात्र लाभार्थ्याने आपला आपण सोडवायचा आहे.

खरं तर सुरुवात उलट्या क्रमाने झाली होती. १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना घरासाठी जागा देणं हे एक ठळक कलम होतं. १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना आली, त्यानंतर सरकारी यंत्रणेचं लक्ष बांधकामाच्या अनुदानाकडे वळलं आणि जागेचा विषय मागे पडत गेला. आज पंचायत समितीत आढावा होतो तो किती घरकुलं मंजूर, किती पूर्ण, किती अपूर्ण याचा. जागेअभावी किती कुटुंबं थांबली आहेत, हा रकानाही तितक्याच गांभीर्याने वाचला गेला पाहिजे.

निरगुडसर हे नाव राज्याला राजकीय नेते दिलीप वळसे पाटील यांचं गाव म्हणून ठाऊक आहे. मीना आणि घोड नद्यांच्या या खोऱ्यात डिंभ्याच्या धरणाचं, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागराचं, पाणी आलं आणि शिवाराचा चेहरामोहरा बदलला. पारगावजवळ दत्तात्रयनगरला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस, बटाटा, कांदा, टोमॅटो आला. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, ही या तालुक्याची मोठी कमाई आहे. पण पाण्याबरोबर जमिनीचा भावही चढला. पुणे-नाशिक महामार्गाने त्यात भर टाकली. जी जमीन पूर्वी पड म्हणून सोडली जायची, तिच्यावरही आता पाइपलाइन फिरली आहे. बागायतदार आपल्या मळ्यात, रानातल्या वस्तीवर बंगला बांधतो. भूमिहीन माणूस जुन्या गावठाणातच राहतो आणि गावठाणाची हद्द माणसांबरोबर वाढत नाही.

पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना या अडचणीसाठीच आहे. तिच्यात ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला आधी ५० हजार रुपये मिळत, आता कमाल १ लाख मिळतात. ५०० चौरस फूट म्हणजे पंचवीस बाय वीसचा तुकडा, अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. त्यात योजनेच्या मापाचं २६९ चौरस फुटांचं घर बसवलं, की २३१ चौरस फूट उरतात. तेवढ्यात शौचालय, न्हाणी, पाण्याची टाकी, दोन शेळ्या, सरपण आणि पावसात मोटारसायकल उभी करायची जागा काढायची. काढतातही लोक. पण एवढासा तुकडा विकणार कोण?

सलग दोन एकर बागायत असलेला शेतकरी मधूनच अर्धा गुंठा तोडून देत नाही. दिला तर त्याच्याकडे जायची वाट कुठून काढायची, सांडपाणी कुठे सोडायचं, उद्या बांधावरून भांडण लागलं तर काय, हे प्रश्न त्याला पडतात आणि ते रास्त आहेत. त्यातून १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येतो. २०२३ च्या अधिसूचनेनुसार बागायतीसाठी किमान १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरलं. मार्च २०२४ मध्ये नियमांत सुधारणा होऊन ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्याला १ हजार चौरस फुटांपर्यंतचा तुकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने घेता येऊ लागला. सुधारणा स्वागतार्हच आहे. मात्र रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने एक खाडा पाडून तलाठ्याकडे, दुसरा खाडा पाडून घोडेगावला तहसील कचेरीत, तिसरा पाडून मोजणीच्या कामाला आणि चौथा दुय्यम निबंधकाकडे जायचं म्हटलं, तर कागद पूर्ण होण्याआधीच तिची उमेद संपते. प्रत्येक लाभार्थी एकटा, प्रत्येकाचा अर्धा गुंठा वेगळा, प्रत्येकाची फाइल वेगळी. ही रचनाच चुकीची आहे.

मग गायरान उरतं. "एवढं गायरान पडलंय, द्या की त्यातलं," असं प्रत्येक गावात म्हटलं जातं. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली आणि त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्रानेही गायरानं राखण्याचा शासन निर्णय काढला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हा विषय आला, तेव्हा राज्यात गायरानांवर सव्वादोन लाखांच्या आसपास अतिक्रमणं असल्याचं सरकारनेच सांगितलं. त्यानंतर गावोगाव नोटिसा निघाल्या आणि वर्षानुवर्षं राहणाऱ्या कुटुंबांच्या पोटात गोळा आला. ज्यांनी गायरानावर वाडे बांधले, गाळे काढले, ते आणि ज्यांनी नाइलाजाने चार पत्रे उभे केले, ते दोघेही नोटिशीत सारखेच 'अतिक्रमणधारक' ठरले.

त्याच जगपालसिंग निकालात एक वाट मोकळी ठेवलेली आहे. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना सरकारी अधिसूचनेने दिलेली जमीन, किंवा शाळा-दवाखान्यासारखी सार्वजनिक सोय, अशा अपवादात्मक बाबींत नियमित करण्याला न्यायालयाने मज्जाव केलेला नाही. सरकारी जमिनीवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणं नियमित करण्याचं धोरण राज्याने २०१८ मध्ये आखलं, ते याच दिशेचं होतं. म्हणून गायरान सरसकट वाटून टाका असं म्हणणं जसं चूक, तसं गायरानाचं नाव काढताच फाइल बंद करणंही चूक. जुनी वस्ती, घर नसलेलं कुटुंब, जागा बदलायची झाल्यास पर्याय कुठे, हे एकेक घर पाहून ठरवावं लागेल. त्याच वेळी शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या धनगर आणि ठाकर कुटुंबांचं चराऊ रान राखणंही गरजेचंच आहे. एका गरिबाचं घर दुसऱ्या गरिबाच्या चाऱ्यावर उभं राहू नये.

स्वस्तात मिळणारी जमीन आणि राहण्याजोगी जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा फरक आंबेगावइतका दुसऱ्या तालुक्याने क्वचित सोसला असेल. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ माणसं गेली. गाव दिसेनासं झाल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं ते तिकडून जाणाऱ्या एसटीच्या चालकाच्या. त्यानंतर वाचलेल्यांसाठी जागा शोधताना तज्ज्ञांच्या तपासण्या झाल्या आणि आमडे गावच्या हद्दीत नवं माळीण वसवण्यात आलं. एप्रिल २०१७ मध्ये लोकार्पण झालं. घरं देखणी होती, शाळा होती, रस्ते होते. त्याच वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात भराव खचले, रस्त्यांना तडे गेले आणि आधीच एकदा सगळं गमावलेली माणसं पुन्हा धास्तावली. उतारावर खोदून आणि भराव घालून केलेली सपाटी पावसाला किती टिकते, हे बांधकामाच्या आधी विचारायला हवं, हा धडा माळीणने दिला आहे.

पूर्वेकडच्या सपाट गावांत दरड नाही, पण धोके आहेत. घोड आणि मीनेच्या काठाला, ओढ्याच्या वळणावर जी जमीन रिकामी दिसते, ती पूर येतो म्हणूनच रिकामी असते. कॅनॉलच्या कडेची जमीन पाझराने बारमाही ओली राहते, तिथे भिंतीला ओल धरते आणि पाया खचतो. आणि बिबट्या आहे. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके येतात. उसाच्या फडात बिबट्यांच्या पिढ्या वाढल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आत दोन मुलं आणि एक वृद्ध महिला बळी गेली, लोक पुणे-नाशिक महामार्गावर उतरले. उसाला लागून एकटं-दुकटं घर, दाराबाहेर अंधार, शौचालयाला जायला दहा पावलं उघड्यावर. अशा ठिकाणी सरकारी पैशातून घरकुल उभं करून देणं म्हणजे त्या कुटुंबाला रोज संध्याकाळी धोक्यात घालणं आहे. या पट्ट्यात घराची जागा निवडताना उसापासूनचं अंतर आणि विजेचा खांब या दोन बाबी पाया-भिंतीइतक्याच महत्त्वाच्या मानायला हव्यात.

म्हणूनच सुटी सुटी घरं रानोमाळ पसरवण्यापेक्षा गावठाणाला लागून छोटी, आखीव वसाहत करणं सर्वांच्या हिताचं आहे. हे पैशात बसतं का, ते पाहू. एक एकर म्हणजे ४३ हजार ५६० चौरस फूट. रस्ते, गटारं, पाण्याची टाकी आणि मुलांना खेळायला मोकळी जागा यांसाठी एक तृतीयांश बाजूला काढली, तर सुमारे २९ हजार चौरस फूट राहतात. ५०० चौरस फुटांप्रमाणे त्यात ५८ कुटुंबं बसतात. प्रत्येकाच्या नावावर जागा खरेदीचे १ लाख असतील, तर एकरामागे ५८ लाख रुपये जमा होतात. शेळ्या-कोंबड्यांना वाव मिळावा म्हणून प्रत्येकाला १ हजार चौरस फूट दिले, तरी २९ कुटुंबांचे २९ लाख होतात. हमरस्त्यालगतची जमीन यात मिळणार नाही. गावठाणापासून दोन शेतं आत असलेली जमीन मात्र या रकमेत बोलणीच्या टप्प्यात येते. अर्ध्या गुंठ्यासाठी ज्याला दारात कुणी उभं करत नव्हतं, तो मजूर ५८ जणांच्या वतीने एकरकमी व्यवहार करायला आला, तर विकणाराही बसून बोलतो. फाइल एक, मोजणी एक, खरेदीखत एक, रस्ता एक.

एकत्र येऊन जमीन मिळवल्याचं उदाहरण महाराष्ट्रात आहे. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथल्या घरांचं वाटप झालं. पुढे त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचं रे नगर आकाराला आलं आणि त्यातली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. माजी आमदार नरसय्या आडम यांनी दोन्हींसाठी वर्षानुवर्षं कामगारांना संघटित केलं. तिथल्या बाया सुट्या सुट्या गेल्या असत्या, तर एकीलाही शहराजवळ जागा मिळाली नसती. कुंभारी शहराबाहेर असल्याने रोजगार, बस, दवाखाना यांची ओढाताण तिथल्या लोकांना सोसावी लागते, हेही खरं आहे. त्यामुळे सोलापूरचा आकडा आंबेगावात आणायचा नाही, एकीची पद्धत आणायची. इथे एका गावाला ३०, ४०, फार तर ६० घरं लागतील आणि ती गावाच्या मांडीला मांडी लावून हवीत.

कायद्यातही वाट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार गावठाणाची हद्द जिल्हाधिकारी ठरवतात, म्हणजे ती वाढवण्याचा अधिकारही त्यांच्याकडे आहे. कलम ४२-ड मध्ये गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी अकृषिक मानण्याची तरतूद आहे. राज्याने नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू केलेल्या महाआवास अभियानात एकत्रित गृहसंकुलं, बहुमजली घरकुलं आणि घरकुलासाठी जमिनींचा साठा या कल्पना आहेतच. मुक्त वसाहत योजनेत तर भटक्या-विमुक्त कुटुंबाला ५ गुंठे जमीन देण्याचा विचार फार आधीपासून आहे. ड्रोनने गावठाण मोजण्याचा राज्यातला पहिला प्रयोगही पुणे जिल्ह्यातच, पुरंदरच्या सोनोरी गावात झाला आणि पुढे २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. नकाशे आता हाताशी आहेत. त्यावर पूररेषा, कॅनॉल, गायरान, सरकारी पड आणि गावठाणालगतचे गट रंगवून गावासमोर ठेवायला फार मोठी यंत्रणा लागत नाही.

जमीन मिळतच नाही, हे म्हणणं या तालुक्यात तरी टिकत नाही. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते आंबेगावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. धरणग्रस्तांसाठी लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांची जमीन संपादन करण्याचा कायदा राज्याने केला, सातबाऱ्यांवर पुनर्वसनासाठी राखीव असे शेरे मारले, नव्या गावठाणांना १८ नागरी सुविधा देण्याचं बंधन स्वतःवर घालून घेतलं. त्या पुनर्वसनात उणिवा खूप राहिल्या आणि विस्थापितांना त्यासाठी आजवर भांडावं लागलं. तरी सरकारला निकड वाटली तेव्हा बागायत होऊ घातलेल्या पट्ट्यात शेकडो एकर जमीन शोधता आली, हे नाकारता येत नाही. आज गावागणिक लागणार आहे एक किंवा दोन एकर.

विरोध कुठून येईल, हेही मोकळेपणाने बोललं पाहिजे. "वसाहत करा, पण आमच्या बांधाला नको," असं गावकी म्हणते. मग जागा दाखवली जाते ती स्मशानाच्या पलीकडे, खाणीच्या कडेला, ओढा ओलांडून. वसाहतीत ठाकर, कातकरी, दलित, भटके राहायला येणार म्हणून ती दूर ढकलली जाते, हे उघड बोललं जात नसलं तरी गावात सगळ्यांना कळतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. पाटीवरचं नाव बदललं, पण नवी घरकुलं पुन्हा गावकुसाबाहेरच बांधली, तर त्या निर्णयाला काय अर्थ राहिला? शाळा, अंगणवाडी, किराणा दुकान आणि एसटीचा थांबा पायी गाठता येईल अशीच जागा निवडायची, ही अट शासन निर्णयात हवी आणि ती तपासण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नावानिशी हवी.

घरकुलाचं काम अडतं त्यामागे आणखी एक साधं कारण आहे. जमीन महसूल खात्याकडे आणि घरकुल ग्रामविकास खात्याकडे. तलाठी म्हणतो, "लाभार्थी पंचायत समितीचा," आणि पंचायत समिती म्हणते, "जमीन तहसीलदारांची." या दोन टेबलांच्या मध्ये जागा नसलेल्या माणसाचा अर्ज पडून राहतो. पुणे जिल्हाधिकाऱ्यांनी आंबेगावपुरता तरी हा गुंता सोडवावा. जागेअभावी अडलेल्या कुटुंबांची गावनिहाय यादी जाहीर करावी, जागा खरेदीचं अनुदान गटाने वापरायला सरळ मंजुरी द्यावी, जिथे खाजगी जमीन मिळत नाही तिथे सरकारी पड जमिनीतून गावठाण वाढवावं आणि पहिली वीट लागण्याआधी रस्ता, नळ आणि वीज यांची तरतूद करावी.

निरगुडसरसारख्या गावाने यात पुढाकार घ्यावा. गावाजवळ कारखाना आहे, सहकाराची घडी बसलेली आहे, राज्याच्या राजकारणात गावाचा शब्द चालतो आणि एकत्र येऊन मोठं काम उभारायचा अनुभव इथल्या माणसांना आहे. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घरकुल लाभार्थ्यांची निवड हा विषय नेहमी असतो. येत्या सभेत त्याच्या आधी घरकुलासाठी जमीन हा विषय घ्यावा, गावाचा नकाशा भिंतीवर लावावा आणि एकेक गट नंबर वाचून चर्चा करावी. तहसीलदार आणि गटविकास अधिकारी या दोघांनीही त्या सभेला हजर राहून, जमीन कोणत्या तारखेपर्यंत ताब्यात येईल ते इतिवृत्तात लिहून सही करावी.